चौथा रोल

मामा भट्टीच्या तोंडाशी वाकले, लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "पक्कं."

पट्टा थांबला. काचेच्या धाग्यांची चार बोटं जाड गादी कापून टेबलावर आणली गेली. मॅनेजरांनी तिच्यावर पंजा दाबून उचलला. पाच बोटांचा खड्डा तसाच राहिला.

"कच्ची," मॅनेजर म्हणाले. "हा दुसरा रोल."

लॅबवालीनं वहीत वेळ लिहिली. धाग्याला धागा धरून ठेवणारा हा नवा बाइंडर तिनं तीन वर्षं खपून बनवला होता. जुन्यात फॉर्माल्डिहाइड होतं; भट्टीतून त्याची वाफ सुटली की शेडभर सगळ्यांच्या डोळ्यांची आग व्हायची. नव्यात ते नव्हतं. चाचणीला तिला एक दिवस आणि तीन रोल मिळाले होते. नाही जमलं तर फाटकाशी उभी असलेली जुन्या बाइंडरची पिंपं आत येणार होती.

गादी नीट भाजली की नाही, हे मामा सांगत. यंत्रावर तापमान दिसे, वेळही दिसे; तरी मामांनी वास घेऊन मान हलवल्याशिवाय माल पॅकिंगला जात नसे. सव्वीस वर्षांचा रिवाज होता. त्यांना शेडमध्ये सगळे मामाच म्हणत. लॅबवालीही म्हणे. ती त्यांची मुलगी होती; पण बाबा घरी, कामावर मामा, हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

"तिसऱ्याला पट्टा सावकाश चालवू," ती म्हणाली. "ह्यात पाणी जास्त आहे, उडायला वेळ लागतो."

"चालवा. शेवटचा."

मामा पुन्हा भट्टीशी गेले. गळ्यात डोळे पुसायचा पंचा होता.

"काय मामा, आज पंचा कोरडा?" पॅकिंगवाली टेबलामागून ओरडली. "नाहीतर रोज भट्टीपुढे रडारड!"

"भट्टीनंच बोलणं टाकलंय आज," मामा म्हणाले.

गादी आत सरकली. नव्या मालाचा रंग मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून काही कळत नव्हतं. मिनिट गेलं, दुसरं गेलं. दहा पावलांवरच्या पॅकिंगवालीनं नाकाला रुमाल लावला. फोर्कलिफ्टवाला खोकला. मामा वाकले, लांब श्वास घेतला.

"कच्चं आहे अजून. चालू द्या."

लॅबवाली त्यांच्याकडे बघत राहिली. करपलेल्या साखरेचा उग्र वास तिच्या घशात बसला होता. मामांचं तोंड भट्टीपासून जेमतेम हातभर लांब होतं.

तिनं लाल बटण दाबलं.

गादी बाहेर आली ती मधोमध काळी पडलेली. मॅनेजरांनी हात लावला तर कडा भुरभुरली.

"दोन कच्च्या, एक जळकी," ते म्हणाले. "मॅडम, माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी दिलं. पिंपं आत घ्या रे."

तिनं मामांकडे पाहिलं, मग वहीकडे.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" मॅनेजरांनी विचारलं.

"नाही."

तिनं वही मिटली. मामांनी गळ्यातला पंचा काढला, त्याची घडी घातली.

"माल चांगला आहे, साहेब. नाक गेलंय."

"कुणाचं?"

"माझं. वास येतच नाही मला. डोळ्यांवर चालवत होतो. कच्चं असलं की वाफ डोळ्यांना चावायची. चावणं उतरलं की पक्कं म्हणायचो. आज काही चावतच नाही, म्हणून दोन्ही वेळेला पक्कंच वाटलं. तिसऱ्याला अंदाज ठोकला."

"कधीपासून?"

"ही कॉलेजात गेली त्या वर्षापासून."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर भट्टीवर ठेवलं असतंत?"

मामांनी मुलीचं कोपर धरलं आणि तिला भट्टीच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. तिथली फरशी त्यांच्या बुटांनी झिजून खोलगट झाली होती.

"एक रोल द्या अजून," ते म्हणाले. "हिला सांगू द्या."

चौथा रोल आत गेला. ती वाकली. आधी ओल्या कणकेसारखा वास आला. तिनं हात वर करून थांबायला सांगितलं. वास बदलला. ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आता."

मॅनेजरांनी पंजा दाबला. गादी वर आली. त्यांनी दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबली. गादी पुन्हा वर आली.

"पिंपं राहू देत बाहेर," ते म्हणाले. मग मामांकडे न बघता, "तुमचं... बघू उद्या."

"बघा," मामा म्हणाले.

मॅनेजर ऑफिसकडे गेले. पॅकिंगवाली मान खाली घालून रोल गुंडाळायला लागली. मामांनी कापलेल्या कडेचा एक तुकडा उचलला.

"कसा येतो गं ह्याचा?"

"भाजलेल्या पावाच्या कडेसारखा." ती म्हणाली. "बाबा, मी लहान असताना तू कामावरून आलास की मी कॉटखाली जाऊन बसायचे. तू आंघोळ करून येईपर्यंत. तो वास ह्याला नाही."

मामांनी तुकडा नाकाशी धरला आणि लांब श्वास घेतला. त्यांच्या उत्तरासाठी आता कुणी थांबलेलं नव्हतं.