देखरेखीचा टप्पा

“चक्कर येते का काका, अजून?”

“येते. सकाळी उठल्यावर जरा जास्तच,” काका म्हणाले आणि त्यांनी टेबलाची कड धरली. चक्करबिक्कर काही येत नव्हती. सकाळीच ते स्टुलावर चढून दिवा बदलून आले होते.

काका म्हणजे वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभी हयात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, तळातून पोखरलेलं वजन, काही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. ते दिसले की बाजारातल्या भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. आणि तेच काका आता एका नर्सला धडधडीत थाप मारत होते, तीही दर गुरुवारी.

त्याचं असं झालं. गुडघेदुखीवर कुठल्याशा डोंगरी मुळीची कॅप्सूल निघाली होती. तिची चाचणी घेणारे डॉक्टर तिला औषध म्हणू द्यायचे नाहीत, पूरक आहार म्हणा म्हणायचे. गुडघ्यांना हा फरक कळत नव्हता. ती बाजारात जाण्याआधी कुणाला बाधत नाही ना, हे पाहायला त्यांच्या चाचणी केंद्राला माणसं हवी होती. काकांचे गुडघे कुरकुरत होतेच, आणि बायको गेल्यापासून घर अगदी गप्प झालं होतं. त्यांनी नाव दिलं.

दर गुरुवारी दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्च्या भरायच्या. सिस्टर एकेकाला आत बोलवायची, रक्त घ्यायची, प्रश्न विचारायची आणि उत्तरं कॉम्प्युटरवर टाकायची. झोप लागते? भूक लागते? पोट साफ होतं?

“एवढं कशाला? झाडपालाच तर आहे,” काका एकदा म्हणाले.

“विषही झाडालाच लागतं, काका,” सिस्टर म्हणाली. “जीभ दाखवा.”

पोट साफ झालं का, हे विचारणारं काकांना आता जगात कोणी उरलं नव्हतं. मुलगा फोन करायचा, पण “सगळं ठीक ना?” यातच त्याचा प्रश्नही असायचा आणि उत्तरही. सिस्टरनं पहिल्यांदा “काल जेवलात काय?” असं विचारलं, तेव्हा काकांचा गळा भरून आला. त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. सिस्टरनं तेही टाइप केलं, खोकला.

मग एक दिवस कॅप्सूल देणं बंद झालं. सगळे पांगले तसे तेही निघाले, पण सिस्टरनं त्यांना जिन्यात गाठलं.

“तुमचं संपलं नाही हं. तुम्ही आता देखरेखीच्या टप्प्यात. गोळी नाही, नुसते प्रश्न. गुरुवार चुकवायचा नाही.”

“आणि बाकीचे?”

“सगळ्यांना नाही घेत त्यात.”

काकांना नोकरीत बढती मिळाली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

वर रंगकाम निघालंय, असं सिस्टर म्हणाली, म्हणून बसायचं ते खाली कॅन्टीनच्या कोपऱ्यात. सिस्टर पर्समधून रक्तदाबाचं यंत्र काढायची आणि दोन चहा सांगायची. कॉम्प्युटर नसायचा. “लक्षात राहतं माझ्या,” ती म्हणायची. प्रश्नही वाढले होते. मुलगा काय म्हणतो? गॅलरीतल्या कुंडीला कळी धरली का? एकदा दिवेलागण झाली तरी तिचे प्रश्न संपेनात, तेव्हा काकाच म्हणाले, “तुम्हाला घरी जायला उशीर होईल.”

“माझी कोण वाट बघतंय तिथं?” सिस्टर हसली आणि पट्टा पुन्हा त्यांच्या दंडाला गुंडाळू लागली. “दाब परत एकदा बघू.”

पण हा टप्पा तरी किती दिवस चालणार? माणूस ठणठणीत असेल तर देखरेख कशावर ठेवायची? काकांनी या गोष्टीची धास्ती घेतली, आणि त्यांना चक्कर येऊ लागली. सिस्टरचा चेहरा उतरला. “मग मला मधेमधे फोनही करावा लागेल,” ती म्हणाली. त्या रात्री काकांना गाढ झोप लागली.

असं सगळं छान चाललं असताना रस्त्यात त्यांना कंडक्टरबाई भेटल्या. केंद्रातल्या रांगेत त्या काकांच्या शेजारच्या खुर्चीवर असायच्या. त्यांच्या हातात काठी होती.

“अहो, काठी सुटली होती ना तुमची?”

“त्या कॅप्सूलनं सुटली होती. ती बंद झाली आणि गुडघ्यांनी पुन्हा डोकं वर काढलं. दुकानातही अजून येईना, कुठं घोडं अडलंय कोण जाणे. कुणाला तरी बाधली असेल मेली!”

काका जागच्या जागी थिजले. सिस्टरच्या लेखी बाधली होती ती त्यांनाच. आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी वजनं पकडली, आणि उतारवयात स्वतःच पारड्यात खोटं टाकलं. त्यापायी ही बाई लंगडत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. खरं सांगितलं तर गुरुवार जाणार, हेही त्यांना कळत होतं. घरी जाऊन त्यांनी कुंडीला पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते केंद्राचा जिना चढले. भिंतींवर जुनेच डाग होते. रंगाचा वास कुठेच नव्हता. डॉक्टर केबिनमध्ये एकटेच होते.

“मला चक्कर येत नाही,” काका उभ्याउभ्याच म्हणाले. “कधीच आली नाही. सिस्टरला मी फसवलं, तिला बोल लावू नका. पण माझ्या थापेपायी ती कॅप्सूल अडवू नका.”

“अडवतंय कोण?” डॉक्टर म्हणाले. “निर्धोक ठरली ती. अहवाल कधीच गेला. थोड्या दिवसांत दुकानात येईल.”

काकांच्या जिवात जीव आला. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे आता देखरेखीचा टप्पाही संपला म्हणायचा?”

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“देखरेखीचा टप्पा? असा टप्पा आमच्याकडे कधी नव्हताच, काका.”