मचाणावरची बादली

बुद्धपौर्णिमेच्या रात्री आम्हा पोरांना जंगलातल्या पाणवठ्यावरची जनावरं मोजायची होती. दुष्काळ असल्यानं टँकरनं तिथं सोडलेल्या पाण्यावर बिबट्याही यायचा, म्हणून संध्याकाळी मचाणावर चढलं की सकाळपर्यंत उतरायचं नाय. "डबा, पाणी सोडून जास्तीची एकच वस्तू न्या," वनरक्षक काका म्हणाले. मी कॅमेरा घेतला. फुलंब्रीच्या सत्यशीलाच्या गळ्यात दुर्बीण होती अन् हातात झाकणाची बादली. "बादली कशाला गं?" मी विचारलं. "रात्री लघवीला कुठं जाऊ?" पोरं फिदीफिदी हसली. काका म्हणाले, "म्हणूनच पोरींना मचाण देत नाय." "व्हय, मागच्या वर्षी गेटवरूनच परत पाठवलंत मला." "मग नियमानं चाल. बादली नायतर दुर्बीण." त्यांना वाटलं, पोरगी लाजून घरी जाईल. तिनं दुर्बीण काढली अन् त्यांच्याच हातात दिली. "चांदणं पडंल, मला दिसंल. ही घेऊन जीपमधून बघत बसा काका, मी सकाळच्या आधी उतरते का ते."