मास्तरांनी शिवलेला कोट

पिशवीचा पट्टा डाव्या खांद्यावरून पुन्हा घसरला. तिने तो उजव्या खांद्यावर घेतला आणि जुन्या चादरीत शिवून बांधलेलं गाठोडं छातीशी धरून ती स्टेशनाबाहेर आली.

नवऱ्याच्या शिवणाच्या दुकानाचे कापडाचे गठ्ठे वाहून वाहून तो डावा खांदा बोटभर खाली आला होता. तिचा ब्लाउज बेतताना मास्तर हमखास चिडवायचे, "तुझं माप म्हणजे उतारावरचं घर!"

बाहेर नुसती झुंबड होती. दुकानांवर दिवे लागत होते. कोपऱ्यावर कुणी वाद्यं वाजवत होतं, पोरंपोरी गळ्यात गळे घालून हसत होती. परदेश सोडाच, ती मावशीच्या गावालासुद्धा कधी एकटी गेली नव्हती. लेक फोनवर म्हणायची, "आई, इथला रस्ता बघितलास ना, तर घरी जायचं नाव काढणार नाहीस." रस्ता खरंच बघण्यासारखा होता. तिला त्याचा मनापासून राग आला. याच रस्त्यावर महिन्यापूर्वी एका गाडीने लेकीला उडवलं होतं, आणि इथे कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

फोन वाजला. घरून मास्तर बोलत होते.

"पोचलीस?"

"पोचले."

"भेटली का?"

"भेटली तर! ही काय, शेजारीच उभी आहे. देऊ का?" बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"नको. बाहेर गोंगाट दिसतोय. राहू दे."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. लेक गेल्याचं मास्तरांना तिने सांगितलंच नव्हतं. ते इस्पितळातून नुकतेच घरी आले होते आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, मनाला धक्का बसला तर हे हृदय टिकायचं नाही. म्हणून तोंडात पदर कोंबून ती न्हाणीघरात रडली, गल्लीतल्या सगळ्यांना गप्प राहायची शपथ घातली आणि लेकीला सुट्टी मिळत नाही, मीच जाऊन भेटून येते, अशी थाप मारली. एक खोटं झाकायला दुसरं. मास्तरांशी आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती, ते या वयात शिकली.

"कोट दिलास तिला?" मास्तरांनी विचारलं.

"दिला की. लगेच घालून बघितला."

"खांद्यात कसा बसला?"

"अगदी मापात. तुमचं माप कधी चुकलंय का?"



"बरं," ते म्हणाले. "संध्याकाळचं गार होत असेल तिकडे. जपून राहा."

डॉक्टरांनी शिवणाच्या मशीनवर बसायचं बंद केलं होतं, म्हणून हा कोट मास्तरांनी गादीवर पडल्यापडल्या हाताने शिवला होता. ती जवळ गेली की पांघरूण ओढून झाकायचे. "लेकीचा आहे. तिथे गेल्यावरच उघड," एवढंच म्हणायचे. जी पोर राहिलीच नाही तिच्यासाठी ते टाक्यामागून टाका घालताना बघून तिचं काळीज तुटायचं. दोनदा तर सगळं ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

लेकीच्या मैत्रिणीने दार उघडलं. दोघी एकाच खोलीत राहायच्या.

"या काकू," ती म्हणाली आणि तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली.

लेकीची गादी तशीच होती. खाली चपला नीट जोडून ठेवलेल्या. उद्या दोघींनी मिळून एका कचेरीत जायचं होतं आणि लेकीला एका लहानशा डब्यातून घरी आणायचं होतं. घरी आणून मास्तरांपासून तो डबा कुठे लपवायचा, याचं उत्तर तिला अजून मिळालं नव्हतं.

तिने गाठोड्याचे टाके उसवले. आत राखाडी लोकरी कोट होता.

"हा तू घे," ती मैत्रिणीला म्हणाली. "तुम्ही एकमेकींचे कपडे घालायचात ना? मास्तरांच्या हातचा आहे. वाया जायला नको."

मैत्रीण लेकीसारखीच ताडमाड, सडपातळ. तिने कोट चढवला. बाह्या मनगटाच्या कितीतरी वर संपल्या आणि पोटाशी कापड पोत्यासारखं लोंबलं.

"काकू, काकांचं माप चुकलं बहुतेक," ती हळूच म्हणाली.

"मास्तरांचं? त्यांच्या मापाला नाव ठेवणारा अजून जन्मायचाय!" ती फणकारली खरी, पण आतून चरकली. दुखण्याने मास्तरांचा हातच गेला की काय? नजर गेली? तो हात गेला तर मास्तरांत उरलं काय?

"तुम्हीच घाला ना तो," मैत्रीण म्हणाली. "केव्हाच्या कुडकुडताय."

कुठे चुकलंय ते तरी बघू, म्हणून तिने बाह्यांत हात घातले. बाह्या बरोबर मनगटाशी थांबल्या. बटणं न ओढता लागली. तिने आरशात पाहिलं. दोन्ही खांदे एका रेषेत होते.

तिने डाव्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्या एकाच खांद्यात, अस्तराखाली, मास्तरांनी बोटभर जाड कापूस भरला होता.