पोह्यांऐवजी

पोह्यांवर ताट उपडं घालून जिजाबाईनं संत्री पिळायला घेतली. मुलगी पाहायला आलेल्यांना पोहे नको होते. मुलाच्या मामांनी, तेजरामनी, पिशवीतून मोहाच्या दारूची बाटली काढून टीपॉयवर ठेवली होती आणि फर्मावलं होतं, चहा-पोहे रोजचेच, पोरगी रिसॉर्टात बनवते ते होऊ द्या.

पोरगी काउंटरवर बसते, एवढंच जिजाबाईनं कळवलं होतं. काउंटर कशाचं, ते मुलाच्या गावी, हट्ट्यापर्यंत, आधीच पोचलेलं दिसत होतं.

श्रुतिकानं साडीचा पदर कमरेला खोचला. आई मिरची चिरायला लागली तर तिनं हातातली सुरी काढून घेतली. मिरची चिरली की नुसती जाळते, ठेचली की चव देते. काळं मीठ, ठेचलेली मिरची, संत्र्याचा रस, लिंबू, मग मोहाची, वरून बर्फ. काचेच्या जगमध्ये सगळं ढवळताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती. इतकं मन लावून ही पोरगी पोळीसुद्धा लाटत नाही, जिजाबाईच्या मनात आलं. पण ती बघत राहिली.

रीतीप्रमाणे पहिला गिलास मुलाकडच्या वडीलधाऱ्याला, म्हणजे तेजरामना. मग नवऱ्या मुलाला, पियुषला. मग श्रुतिकाच्या बापाला, घनश्यामला. जिजाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी. तिला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

तेजरामनी पहिल्या घोटाला डोळे मिटले. पोरीच्या हाताची तारीफ केली. दुसऱ्या गिलासाला असं नागपुरातही मिळत नाही म्हणाले. तिसरा संपला तेव्हा त्यांनी मिशा पुसल्या आणि आपल्याकडून पक्कं सांगून टाकलं. घनश्यामचा चेहरा फुलला.

"एक गोष्ट हाय फक्त," तेजराम म्हणाले. "साक्षगंधाच्या आधी ते काम सोडा लागन. सून लोकाईले दारू पाजते, असं गावात कोनं म्हनाले नाही पायजे."

श्रुतिकानं पियुषकडे पाहिलं. तुझं काम मला आवडतं, असं तो फोनवर म्हणाला होता. आता तो बोटानं गिलासातली मिरची काढत होता. घनश्याम दोनदा हौ म्हणाला, कुणी विचारलं नव्हतं तरी.

तेजरामनी रिकामा गिलास श्रुतिकापुढे धरला. "भर बेटा."

काचेचा जग रिकामा झाला होता. जिजाबाई आत जाऊन दुसरा भरलेला जग घेऊन आली. तो तिनं श्रुतिकाच्या हातात दिला, पण बाजूला झाली नाही.

"मामाजी, इतका वेळ तुमाले कोन पाजून राह्यलं?"

तेजराम हसले. "अवो विहीणबाई, घरची गोष्ट येगळी."

जिजाबाईनं पाण्याच्या ट्रेमधला स्टीलचा गिलास उचलला, त्यातलं पाणी कुंडीत ओतलं आणि तेजरामच्या समोरची खुर्ची ओढून त्यावर बसली. गिलास पोरीपुढे धरला.

"आधी मले दे."

घनश्याम तिच्याकडे झुकला. जमलेलं मोडून राह्यली तू, हलकेच म्हणाला. तिनं मान वळवली नाही. श्रुतिकानं क्षणभर दोन्ही गिलासांकडे पाहिलं, आणि आईचा भरला.

जिजाबाईनं आयुष्यात कधी तोंडाला लावली नव्हती. पहिल्या घोटाला तिला ठसका लागला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं. घनश्याम उठायला लागला, तिनं हातानंच खाली बसवलं. पदरानं तोंड पुसलं. दुसरा घोट सावकाश घेतला, तिसरा त्याहून सावकाश.

"तिखट हाय," ती पोरीला म्हणाली. "मस्त हाय. आनखी दे."

तेजरामचा हात अजून पुढेच होता. श्रुतिकानं आईचा गिलास काठोकाठ भरला.