टाकलेली पानं

"दोनच पानं?" यमुना म्हणाली. "दोन पानांत कसला खेळ हो?"

"दोन तुझी, दोन माझी. मधे पाच उघडी, ती दोघांची. सातांतली चांगली पाच धरायची. सारखी पानं जितकी जास्त, तितका हात मोठा," लवू म्हणाला आणि पानं पिसू लागला.

दुपार होती. जेवणं झाली होती. जयगडच्या त्या पडवीतून खाडीचं तोंड दिसायचं. बंदरात शिरायची वाट बघत थांबलेली जहाजं उन्हाच्या धुरकट पट्ट्यात पाण्याला न टेकता तरंगत असल्यासारखी वाटत. कुठेच काही हलत नव्हतं.

हे सगळं एका लिफाफ्यावरून सुरू झालं होतं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी लवूला एकट्याला आत बोलावून यमुनेचा रिपोर्ट समजावला होता. गणपतीपर्यंतचंही काही सांगता येत नाही, म्हणाले होते. बाहेर येऊन तो यमुनेला म्हणाला, "रक्त कमी आहे. गोळ्या दिल्यात." लिफाफा त्याने कपाटात कुलपात ठेवला. आठ दिवस ती लिफाफा मागत राहिली. शेवटी तो चेष्टेत म्हणाला, "पोकरमध्ये मला हरव, मग देतो."

तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेला माणूस तो. त्याला वाटलं, विषय मिटला.

"शिकवा मग," ती म्हणाली.

डावावर लावायला दोघांना वीस-वीस काजूबिया. ज्याच्या संपल्या, तो हरला. ती जिंकली तर लिफाफा तिचा.

"पहिली गोष्ट," लवू म्हणाला, "नवशिक्याने आधी पानं टाकायला शिकायचं. दहातले सात डाव सोडून द्यायचे. दुसरी गोष्ट, आपली पानं एकदाच बघायची. मग समोरच्याचं तोंड बघत बसायचं. खरी पानं तिथं असतात."

"चाळीस वर्षं तेच बघत्येय," ती म्हणाली.

"आणि टाकलेली पानं उलटी पडतात, ती कोणी बघायची नाहीत. कधीच. जहाजावर यावरून मारामाऱ्या झाल्यात."

तिची एकच खोड जाईना. सगळा जन्म ती मेंढीकोट खेळलेली. त्या खेळात दश्शी म्हणजे मेंढी, आणि चारही मेंढ्या आपल्याकडे आल्या म्हणजे मेंढीकोट, त्याहून मोठी जीत नाही. वाडीत तिच्याविरुद्ध कोणी बसायला तयार नसे. त्यामुळे हातात दश्शी आली की ती सोडतच नसे. सोबत दुर्री असली तरी शेवटपर्यंत थांबायची आणि बिया घालवायची.

"अगो, टाक ती! पोकरात एकट्या दश्शीला कोण विचारतो?"

"मेंढी टाकायला हात होत नाय माझा," ती म्हणायची आणि हसायची.

रोज संध्याकाळपर्यंत तिच्या बिया संपत. लिफाफा कुलपातच राही.

दहा-बारा दिवसांनी ती म्हणाली, "मीच काय म्हणून शिकू? तुम्हीपण काहीतरी शिका. भाताला पाणी किती, सांगा बघू."

"तू आहेस की."

"वाईच शिकलात तर काय बिघडेल? जहाजावर काय फक्त पत्तेच कुटलेत?"

मग सकाळी तो चुलीपाशी आणि दुपारी ती पानांपाशी, असं सुरू झालं. त्याला बांगड्याचं कालवण जमू लागलं. त्रिफळं कुठल्या बरणीत, कोकम कुठल्या, हे त्याला डोळे मिटून सांगता येऊ लागलं. ती भिंतीला टेकून बसायची आणि चुका काढायची. दिवस एकमेकांत मिसळत गेले. कधी कधी त्याला वाटे, डॉक्टरांचं ते बोलणं आपण बोटीवर पडल्या पडल्या स्वप्नात ऐकलं असेल.

पण तिचे हात बारीक होत चालले होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकत. तिला थापा मारणं त्याला जमेना, आणि खरं तोंडातून निघेना. एके दिवशी सकाळी भात उतरवताना त्याने ठरवलं, आज हरायचं. लिफाफा तिच्या हातात पडला की आपल्याला काही बोलावं लागणार नाही.

दुपारी त्याने पानं वाटली. त्याला दुर्री आणि सत्ती आली. हरायला याहून चांगली पानं नव्हती. मधे एकेक पान उघडत गेलं. बदामची दश्शी. चौकटची चौकी. इस्पिकची राणी. किलवरची दश्शी. शेवटी बदामची नव्वी.

दोन दश्श्या बघून ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही.

त्याने आपल्या सगळ्या बिया पुढे ढकलल्या. तिच्यापुढेही तेवढ्याच होत्या. तिने त्या पुढे केल्या की झालं.

तिने आपली पानं एकदा बघितली. मग त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. खूप वेळ. लांब एका जहाजाचा भोंगा वाजला आणि विरून गेला.

तिने दोन्ही पानं उलटी खाली ठेवली.

"नको. जिंकलात तुम्ही."

"अगो, बघ तरी नीट! माझ्याकडे काय असणार?"

"तुम्हीच म्हणालात ना, आधी टाकायला शिक." ती भिंतीला धरून उठली. "चहा आज तुम्ही ठेवा. आलं ठेचून घाला, किसू नका. उद्या परत मांडू."

ती आत जाऊन आडवी झाली. खाटेची करकर ऐकू आली. लवू पानं गोळा करू लागला. तिची दोन तशीच उलटी पडली होती. तीस वर्षांत त्याने कोणाची टाकलेली पानं बघितली नव्हती.

त्याने वरचं पान उलटलं. इस्पिकची दश्शी.

तिच्याखाली चौकटची.