कोपरभर खोल

जहाजातलं तेल सांडून सहा वर्षं झाली. वाळूतल्या जिवाणूंनी ते खाऊन संपवलं, अशा अहवालावर मी प्रयोगशाळेत सही केली आणि तेव्हापासून बंद असलेला किनारा आज उघडला. आईने टोपली ठेवली, गुडघे टेकले आणि शिंपल्यांसाठी हात कोपरापर्यंत वाळूत घातला. बाहेर आला तो काळा, चिकट. वास तर कालच सांडल्यासारखा. “तुझे जिवाणू वरवरचं खाऊन पळाले वाटतं.” “खाली हवा पोचत नाही, आई. हवेशिवाय ते खात नाहीत.” “मग तुझी तपासायची नळी किती खोल घातलीस?” “वीतभर. नियमच तसा आहे.” “आणि शिंपले किती खोल असतात?” कोपरभर खोल हात घालायला तिनेच लहानपणी शिकवलं होतं. शेजारून बायका टोपल्या घेऊन हसत पुढे निघाल्या. “हाक मार त्यांना,” आई म्हणाली. “माझं नाही ऐकायच्या. सही तुझी आहे.”