शनिवारचा निकाल

"तुमच्या न्यूटनसमोर सफरचंद पडलं, त्यात त्याचं कर्तृत्व ते काय?" केमिस्ट्रीच्या बाई म्हणाल्या. "आमच्या मादाम क्यूरीनं गळक्या शेडमध्ये उभं राहून खनिजाचे ढीगच्या ढीग ढवळलेत. लोखंडी दांड्यानं!"

"ढवळायचंच कौतुक असेल तर सगळ्या आचाऱ्यांना नोबेल द्या," फिजिक्सचे सर म्हणाले. "सफरचंद सगळ्यांसमोरच पडतं, बाई. विचार एकालाच पडला. सव्वीस वर्षं सांगतोय."

"सव्वीस वर्षं ऐकतेय."

लॅबचे मामा खिडकीपाशी स्टुलावर बसून नेहमीसारखे दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. बेसिनमध्ये प्रॅक्टिकलच्या साठ-सत्तर टेस्ट ट्यूब पडल्या होत्या. खरं तर धुवायचं काम मामांचं. पण ॲसिडनं त्यांच्या हातांना भेगा पडल्या आणि डॉक्टरांनी पाण्यात हात घालणं बंद केलं. तेव्हापासून शनिवारचा नियम ठरला. जगातला सगळ्यात मोठा शास्त्रज्ञ कोण, यावर दोघांनी भांडायचं. मामांनी निकाल द्यायचा. जिंकेल त्यानं पिशवी उचलून घरी जायचं, हरेल त्यानं सगळी काच धुवायची. अपील नाही.

आजचा शनिवार शेवटचा. सोमवारपासून नवी इमारत, नवी काच. ही सगळी भंगारात. मामांचीही नोकरी आज संपत होती.

"मामा, आज खराखुरा निकाल हवा मला," सर म्हणाले. "नाहीतर मरेपर्यंत डोक्यात राहील."

त्यांनी जुनं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला मामांनी पेन्सिलीनं प्रत्येक शनिवारचा जिंकणारा लिहून ठेवला होता. सर जिंकले की 'स', बाई जिंकल्या की 'बा'. सरांचं बोट एका ओळीवर थांबलं आणि चेहरा खुलला.

"हे बघा! जून ते डिसेंबर, नुसते 'स'. एक 'बा' नाही औषधाला. काय बोलायचो हो मी तेव्हा!"

"आणि खाली काय आहे तेही वाचा की," बाई म्हणाल्या.

खाली वर्षभर नुसते 'बा' होते.

"तेच विचारायचंय." सरांचा आवाज खाली आला. "तोच न्यूटन, तोच मी, मुद्देही तेच. मग एकाएकी वर्षभर हरलो कसा? खरं सांगतो मामा, फार लागलं होतं मला. वाटायचं, आता हेही जमेनासं झालं."

मामा स्टुलावर पुढे सरकले.

"सर, त्या जून-डिसेंबरला हॉस्पिटलात वहिनींना भेटायची वेळ काय होती?"

"चार ते पाच," सर पटकन म्हणाले. मग त्यांचं बोट दारावरून खाली आलं.

"काच धुऊन होईपर्यंत पाच वाजतात. तुम्हाला नुसतं जा म्हटलं असतं तर गेला नसता. उपकार नको असतात तुम्हाला कुणाचे. जिंकलात की मात्र बरोबर जायचात."

नळ ठिबकत होता. तो कायमच ठिबकायचा.

"आणि नंतरचं वर्ष?" शेवटी बाईंनीच हळूच विचारलं.

"वहिनी गेल्यावर घरी लवकर जाऊन काय करणार होते हे? स्वतःच कुलूप काढायचं, स्वतःच दिवा लावायचा. इथं निदान पाण्याचा आवाज होता, मी होतो." मामा सरांकडे वळले. "सात-सात वाजेपर्यंत धूत बसायचात. धुतलेल्याच परत धुवायचात. मी बोललो का काही?"

सरांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा शर्टाच्या टोकानं पुसला.

"सात महिने मी काय तोऱ्यात होतो हो," ते म्हणाले. "तिलाही जाऊन सांगायचो, आज पुन्हा जिंकलो म्हणून. हसायची."

"आणि मी सात महिने धुसफुसत काच धुतली," बाई म्हणाल्या. "म्हणजे मामा, तुम्ही आमचे मुद्दे कधी ऐकलेच नाहीत?"

"मला काय कळतंय त्यातलं, बाई? मी सातवी पास. मी आपली तुमची तोंडं बघायचो."

सरांनी मामांकडे बघितलं, मग बाईंकडे. जगातल्या सगळ्यात मोठ्या शास्त्रज्ञाबद्दल बोलायला दोघांपाशी आता काही उरलं नव्हतं.

"आजचा निकाल राहिला," बाई म्हणाल्या. पिशवी खांद्याला होती, पण पाय दाराकडे वळत नव्हते. सरांनी तर छत्रीला हातही लावला नव्हता.

मामांनी दोघांकडे नीट बघून घेतलं. मग उठून कपाटाचं दार लावून टाकलं.

"दोघंही हरलात. लागा कामाला."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. सरांनी नळ सोडला. जरा वेळानं मामाही बाह्या सारून बेसिनपाशी आले.

"मामा, हात!" दोघं एकदमच ओरडले.

"सोमवारपासून सुट्टीच आहे त्यांना," मामा म्हणाले आणि ब्रश उचलला.

सोमवारी भंगारात जाणारी काच तिघं धूत राहिले. बाईंनी धुतलेली एक ट्यूब सरांनी खिडकीच्या उजेडात धरली. लख्ख होती.

"डाग राहिलाय," ते म्हणाले, आणि ती परत पाण्यात बुडवली.

"हो की," म्हणत बाईंनी दुसरी पुढे केली.